चोरांना चौक नसतो

कोल्हापुरात चिमासाहेब चौक आहे. ३१ जुलै १८५७ रोजी येथील २७ व्या देशी पलटणीतील शिपायांनी बंड पुकारले, ६ डिसेंबरला शहराने पुन्हा एकदा उचल खाल्ली, दोन्ही वेळा इंग्रजांनी उठाव चिरडला आणि पुढच्या वर्षी छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले. ते परत आले नाहीत. १८६९ साली तेथेच त्यांचा अंत झाला. शहराने त्यांचे नाव एका चौकाला दिले हे उचितच झाले. माझे भांडण त्या चौकाशी नाही.

भांडण आहे ते आपल्या स्मरणशक्तीच्या पंक्तिप्रपंचाशी. ज्या सरकारने चिमासाहेबांना घरादारापासून तोडले, त्याच सरकारने त्यापूर्वी चाळीस वर्षांपासून आणि त्यानंतरही कित्येक दशके मुंबई इलाख्यातील माणसे जहाजांत घालून मॉरिशस, पेनांग, मलाक्का, सिंगापूर, मौलमीन, एडन आणि अखेर अंदमान येथे रवाना केली. त्यांत राजपुत्र नव्हते. घरफोडे होते, वाटमारे होते, गुरे वळवून नेणारे होते, कणगीला भोक पाडून जोंधळा पळविणारे होते. परमुलखात रस्ते खणण्यासाठी आणि दलदली बुजविण्यासाठी मनुष्यबळ हवे होते, त्यामुळे ज्यांच्या अंगात काम करण्याची धमक आहे अशा तरण्याताठ्यांना या प्रवासात विशेष मागणी होती. यांतील एकाचेही नाव आपल्या कोणत्याही गल्लीला नाही, आणि ते असावे असे कोणाला वाटल्याचेही ऐकिवात नाही.

‘काळे पाणी’ हा शब्द मात्र आपण जपून ठेवला आहे. तो आज दोनच प्रसंगी बाहेर निघतो. एक, एखाद्या कारकुनाची गडचिरोलीला बदली झाली की. दुसरा, सावरकरांच्या जयंती-पुण्यतिथीला. ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली पुस्तकरूपाने आले आणि तेव्हापासून मराठी मनाने अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, सेल्युलर जेल म्हणजे कोलू आणि कोलू म्हणजे राजबंदी असे समीकरण करून टाकले. वस्तुतः अंदमानची कैदी वसाहत सुरू झाली १० मार्च १८५८ रोजी, आणि सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले १८९६ साली. मधली जवळजवळ चाळीस वर्षे तेथे कोण होते? १८५७ च्या बंडातले लोक होते हे खरे. परंतु नंतर वर्षानुवर्षे जहाजे भरभरून गेले ते सामान्य फौजदारी गुन्ह्यांतील कैदी. १९०१ च्या शिरगणतीच्या वेळी त्या बेटांवर सुमारे बारा हजार कैदी होते, आणि ज्यांना आपण क्रांतिकारक म्हणून ओळखतो त्यांची पहिली तुकडी तेथे पोचायला अजून काही वर्षे अवकाश होता. खुद्द सावरकरांच्या आठवणींत हे चोर, दरोडेखोर, वॉर्डर, पेटी ऑफिसर पानोपानी भेटतात. त्यांच्या ‘काळे पाणी’ या कादंबरीत तर साधे कैदी मध्यभागीच आहेत. लेखकाने ते पाहिले. वाचकाने त्यांच्यावरून नजर सरकवली.

येथे कोणी म्हणेल की अंदमानात गेले ते खुनी आणि दरोडेखोर, भुरट्या चोरांना कोण कशाला समुद्रापार धाडील? हा आक्षेप अर्धा खरा आहे. अंदमानातील बहुसंख्य कैदी खून आणि दरोडा याच सदरांखालचे होते आणि प्रत्येक तांब्याचोर जहाजावर चढला असे माझे म्हणणे नाही. पण ‘दरोडा’ या शब्दाने दचकण्यापूर्वी कायद्याने त्या शब्दात काय काय भरले होते ते पाहावे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार पाच किंवा अधिक माणसांनी मिळून धाकदपटशाने काही हिसकावले की तो दरोडा (कलम ३९१), आणि त्याला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा देता येत असे (कलम ३९५). १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्याची लूट झाली. पाच भुकेली माणसे हातात काठ्या घेऊन वाण्याच्या बळदापाशी गेली की कायद्याच्या लेखी ती दरोडेखोरांची टोळी होती; तोंडात दाणा पडला की नाही हा प्रश्न कलमात नव्हता.

आता दरोडा सोडून निव्वळ चोरीकडे येऊ. साध्या चोरीला तीन वर्षे. तीच चोरी घरातून, झोपडीतून किंवा तंबूतून केली तर सात वर्षांपर्यंत (कलम ३८०). रात्री चोरीच्या इराद्याने घर फोडले तर चौदा वर्षांपर्यंत (कलम ४५७). आणि या सर्वांच्या मागे कलम ५९ दबा धरून बसलेले होते: सात वर्षे किंवा त्याहून अधिक कैद देता येण्याजोगा गुन्हा असेल तर न्यायाधीशाने वाटल्यास कैदेऐवजी काळे पाणी द्यावे. शिवाय कलम ७५ होते. तीन वर्षे वा अधिक शिक्षेच्या मालमत्तेविषयक गुन्ह्यात माणूस एकदा शिक्षा भोगून आला आणि पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, की वाढीव शिक्षेची मर्यादा थेट जन्मभराच्या काळ्या पाण्यापर्यंत जात असे. म्हणजे पहिल्या वेळी गाडगे, दुसऱ्या वेळी लुगडे, आणि न्यायाधीशाचे डोके त्या दिवशी ठिकाणावर नसेल तर बेट. कायद्याची ही रचना मी मुद्दाम विस्ताराने सांगितली, कारण ‘भुरटा’ आणि ‘सराईत’ या दोन शब्दांमधले अंतर आपण माणसाच्या स्वभावातले अंतर समजतो. ते पुष्कळदा कलमांच्या बेरजेचे असते.

वयाचेही तेच. त्याच संहितेत सात वर्षांखालील मुलाला गुन्हेगार मानत नसत, आणि सात ते बाराच्या दरम्यान मुलाची समज पाहावी असे म्हटले होते. बारा पूर्ण झाली की पोरगा कायद्याच्या दृष्टीने पुरता माणूस. त्याला प्रत्यक्षात बहुतेक वेळा फटके मिळत. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यात अल्पवयीनांसाठी हलक्या छडीची, शाळामास्तर मारतो तशी, खास सोय होती. पण छडीखेरीज दुसरीही एक सोय होती आणि तिची आठवण मराठीत कोणी काढलेली मला आढळली नाही. १८५० साली कंपनी सरकारने उमेदवारीविषयीचा एकोणिसावा कायदा केला. कायदा दिसायला परोपकारी: अनाथ, टाकून दिलेल्या, गरीब मुलांना कोणा कारागिराच्या हाताखाली बांधून द्यावे, म्हणजे ती धंदा शिकतील. त्याच कलमात मॅजिस्ट्रेटला असाही अधिकार होता की भटकेपणा किंवा किरकोळ गुन्हा यांखाली दोषी ठरलेल्या मुलाचा पालक आपणच होऊन त्याने त्याला असे बांधून द्यावे. आणि बांधून देण्याच्या जागांमध्ये आणखी एक जागा होती: कंपनीच्या मुलखातील बंदरांशी व्यापार करणारी जहाजे. मुलाला समुद्रावरच्या नोकरीत देता येत असे.

यात शिक्षा हा शब्द कोठेही नाही. काळे पाणी हा तर नाहीच. चोरी करताना सापडलेले पोर, त्याला पालक म्हणून सरकार, आणि सरकार त्याला देणार एखाद्या कप्तानाच्या हवाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली जी सुधारशाळा उभी राहिली ती याच काळातली, याच विचारातली. सुधारशाळेबद्दल वाईट बोलण्याचे मला कारण नाही. जहाजापेक्षा शाळा केव्हाही बरी. पण या सर्व व्यवस्थांचे गृहीतक एकच होते. गरीब चोराचा पोर सुधारावयाचा तर आधी त्याला त्याच्या माणसांपासून तोडले पाहिजे. हे गृहीतक पुढे कोठवर पोचले ते यथावकाश पाहू.

आधी समुद्रापलीकडे काय झाले ते थोडक्यात. मॉरिशस इंग्रजांनी १८१० साली फ्रेंचांकडून घेतले. तेथील गव्हर्नर फारकर याने हिंदुस्थानातील कैद्यांची मागणी केली आणि १८१५ पासून बंगाल व मुंबई या इलाख्यांतून सुमारे दीड हजार माणसे तेथे गेली. ही पाठवणी १८३७ पर्यंत चालली. त्यांनी रस्ते बांधले. १८३६ साली चार्ल्स डार्विनचे जहाज पोर्ट लुईला थांबले असता त्याने हे कैदी पाहिले, आणि हिंदुस्थानातील माणसे इतकी रुबाबदार असतील याची आपल्याला कल्पना नव्हती असे त्याने नमूद करून ठेवले. त्यांचे शांत वर्तन पाहून त्याला नुकतेच ऑस्ट्रेलियात पाहिलेले आपले इंग्रज कैदी आठवले आणि तुलनेत ते अगदीच हलके वाटले. गंमत पाहा. आपल्या चोरांचे कौतुक करणारा पहिला प्रतिष्ठित साक्षीदार आपल्याला मिळाला तो एक इंग्रज प्रवासी, आणि ती साक्षही आपण वाचली नाही.

सिंगापुरात १८२५ पासून हिंदी कैदी होते. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, गव्हर्नरचा बंगला (जो आज त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे) आणि समुद्रातल्या खडकावरचे हॉर्सबर्ग दीपगृह ही कामे त्यांच्या हातून झाली. मॅकनेअर या त्यांच्या अधिकाऱ्याने १८९९ साली त्यांच्यावर एक जाड पुस्तकही लिहिले. हे एकमार्गी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी उलट मुंबई इलाख्यात आणले जात. महाबळेश्वरला १८३४ पासून तीस वर्षे त्यांच्यासाठी तुरुंग होता. ते भाजीपाला पिकवीत, वेताच्या टोपल्या विणीत. आज सहलीला गेलेले कोल्हापूरकर ज्या धबधब्यापाशी छायाचित्रे काढतात त्याला चायनामनचा धबधबा म्हणतात तो त्यांच्या मळ्यांमुळे. परक्यांच्या कैद्यांची निदान एका धबधब्यापुरती आठवण आपल्याकडे राहिली. आपल्यांची आपल्याकडे तेवढीही नाही.

मॉरिशसमध्ये मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, मराठी शाळांतून शिकविले जाते, गणपती बसतात, आणि इकडून गेलेल्या मराठी पाहुण्याला तेथे गहिवरून येते. ही वस्ती गिरमिटियांची. १८३४ नंतर मजुरीच्या करारावर गेलेल्यांची. त्यांच्या स्मरणार्थ आप्रवासी घाट जतन केला गेला, २००६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण गिरमिटियांची बैलगाडी ज्या रस्त्यावरून उसाच्या मळ्याकडे गेली, तो रस्ता ज्यांनी खोदला, त्यांच्याविषयी आपल्या गहिवरात अवाक्षर नसते. दुःखाचीही उतरंड असते. राजबंदी वर, त्याखाली गिरमिटिया, आणि चोर उतरंडीच्या बाहेर, जमिनीवर.

आता मूळ मुद्दा. चोराला आपल्या इतिहासात प्रवेश मिळतच नाही असे नाही. मिळतो, पण एका अटीवर: त्याने आधी क्रांतिकारक झाले पाहिजे. उमाजी नाईक यांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली. इंग्रजांच्या दप्तरात ते दरोडेखोर. आज ते आद्य क्रांतिकारक, आणि त्यांचे पुतळे उभे राहिले. हे पुतळे उभे राहावेत यासाठी रामोशी समाजाला किती वर्षे झगडावे लागले हे आठवले की त्यांचे मोल कळते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी, धनगर, कोळी यांना हाताशी धरून सावकारांवर दरोडे घातले. फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडनला पाठविण्यात आले, तेथेच १८८३ साली ते वारले. फडके कोण हे पाचवीतले मूल सांगेल. त्या रात्री त्यांच्या बरोबर भिंतीवरून उड्या टाकणाऱ्यांपैकी दौलतराव नाईकांपलीकडे दुसरे नाव सांगा म्हटले तर इतिहासाचा पदवीधरही अडखळेल. एकच दरोडा, एकच रात्र, एकच सावकार. कोकणस्थ कारकुनाने घातला की तो स्वराज्याचा यज्ञ, रामोशाने घातला की हेतूचा पुरावा आणावा लागतो.

हा हेतूचा पुरावा मागण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? एखाद्या जमातीला मान हवा असेल तर तिने आपला चोर हा चोर नव्हताच, तो इंग्रजांविरुद्ध लढत होता, असे सिद्ध केले पाहिजे, ही अट मला अन्यायाची वाटते. काही जण लढतही होते. पण जो लढत नव्हता त्याचे काय? ज्याने शेजारच्या गावातून शेळी नेली, कारण घरात चार दिवस चूल पेटली नव्हती, किंवा कारण त्याला शेळी आवडली, त्याचे काय? त्याला त्या शेळीपायी सात वर्षे समुद्रापलीकडे दगड फोडावे लागले असतील तर ती घटना आपल्या इतिहासात बसण्यासाठी त्याने शेळी नेताना ‘हर हर महादेव’ म्हटले असले पाहिजे काय? शिक्षा अवाजवी होती एवढे त्याच्या बाजूने पुरेसे नाही काय?

ऑस्ट्रेलियाकडे पाहा. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन व आयर्लंडमधून सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी तेथे गेले. पुष्कळांचे गुन्हे हातरुमाल, पावाचे लादे, कपडे असे. पहिल्याच ताफ्यात जॉन हडसन नावाचा धुराडी साफ करणारा पोरगा होता. चोरीबद्दल शिक्षा झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, जहाज निघाले तेव्हा तेरा. टास्मानियात पोर्ट आर्थरजवळ पॉइंट प्युअर येथे तर १८३४ ते १८४९ खास मुलांसाठी तुरुंग चालविला गेला. त्या देशालाही या पूर्वजांची लाज वाटत होती. कुटुंबेच्या कुटुंबे कागद दडवीत, मुलखाचे जुने नाव बदलून १८५६ साली टास्मानिया करण्यामागे हा डाग पुसण्याची इच्छा होतीच. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी वारे फिरले. आज खापरपणजोबा कैदी निघाला की तेथील माणूस ते अभिमानाने सांगतो. कैद्यांच्या नोंदी युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर गेल्या, २०१० साली कैद्यांशी निगडित अकरा स्थळे जागतिक वारसा ठरली. आणि हे करताना त्यांनी हडसनला क्रांतिकारक ठरविले नाही. त्याने चोरी केली होती. तरीही, म्हणूनच, तो आठवणीत आहे.

ऑस्ट्रेलियाचे हे कौतुक मी हात राखूनच करतो. तेथील कैद्यांच्या अभिमानाखाली मूळ रहिवाशांची हाडे आहेत आणि तो अभिमान बऱ्याच काळपर्यंत त्यांच्याविषयी मूक होता. अंदमानातही जंगल तोडले ते आपल्या कैद्यांनीच. आणि त्या तोडीबरोबर आणि रोगराईबरोबर बेटांवरच्या मूळ जमाती नष्टप्राय झाल्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होतच नाही असे नाही. चोराला आठवायचे म्हणजे त्याला निष्पाप करायचे नव्हे. ज्याची शेळी गेली तोही बहुधा गरीबच होता, त्याच्याही घरी त्या रात्री कोणी रडले असेल. वाड्यावर पहारा असतो; चोरी झोपडीतच सोपी. हे सगळे मान्य करूनच मी बोलतो आहे. आपल्याला हे सगळे एकत्र धरता येत नाही, म्हणून आपण सोपा मार्ग काढतो: एकतर हुतात्मा, नाहीतर विस्मरण.

आणखी एक. जातिभ्रष्टतेच्या भीतीमुळे ही शिक्षा हिंदूंना मृत्यूहून भयंकर वाटते, असे इंग्रज अधिकारी मानीत आणि त्या भीतीवरच त्यांचा भरवसा होता. हे वाक्य आपण आजही जसेच्या तसे गिरवतो. पण समुद्र ओलांडल्याने बुडण्यासारखी जात कोणाजवळ होती? ज्याला गावाच्या पाणवठ्यावरच बंदी, त्याला पाण्याचा रंग काळा असल्याचे किती भय? त्याला भय होते ते बायकोमुले पुन्हा न दिसण्याचे. ते शिपायालाही होते आणि चिमासाहेबांनाही असणारच. भयाची ही साधी, सर्वांना सारखी असलेली बाजू सोडून आपण शास्त्रातली बाजू लक्षात ठेवली, कारण स्मरणाचे दप्तर ज्यांच्या हाती होते त्यांचे भय ते होते.

हा सगळा इतिहास समुद्रापलीकडे राहिला असता तर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण मुलांना माणसांपासून तोडण्याचे जे गृहीतक वर आले, ते घरी परतले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींतील चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून सुधारवस्तीत ठेवण्याची मुभा मिळाली. १९११ साली नवा कायदा होऊन तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी काटेरी तारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आता गुन्हा करावा लागत नव्हता; जन्मावे लागत होते. सोलापुरात आजही एका वस्तीचे नाव सेटलमेंट असेच आहे. समुद्राची गरज उरली नाही. तारेच्या आत बेट तयार झाले.

आणि येथे कोल्हापूरचा मान मोठा आहे, ज्याचा उच्चार कोल्हापूर स्वतःच पुरेसा करीत नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. हजेरी म्हणजे ठरावीक जातींच्या माणसांनी रोज चावडीवर येऊन आपण गावातच आहोत हे दाखविणे. न दाखविल्यास गुन्हा. महाराजांनी फासेपारध्यांना पहाऱ्यावर नेमले, सोनतळीला त्यांची घरे वसविली. ज्याला सारे चोर म्हणतात त्याच्याच हाती किल्ल्या द्याव्यात, ही गोष्ट करायला राजाची छाती लागत असेल, पण कळायला लागू नये. महाराजांनी या माणसांपाशी ते पूर्वी क्रांतिकारक असल्याचा दाखला मागितला नाही, हे विशेष. दरवर्षी २६ जूनच्या भाषणांत १९०२ च्या आरक्षणाचा उल्लेख होतो, तो व्हावाच. हजेरीबंदी मात्र ‘इत्यादी’मध्ये जाते.

मराठी साहित्याने यातले काम इतिहासाच्या आधी केले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’चे थोरपण मला यात वाटते की त्यात चोरी ही चोरीच आहे. खिसे कापणे कसे शिकविले जाते, पोलिसांचा मार कसा सोसला जातो, हे तेथे कोणत्याही देशभक्तीच्या शालीत गुंडाळलेले नाही. त्या पुस्तकाला हार घालणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी तोच धीटपणा दप्तरात शिरताना दाखविला असता तर? कोल्हापुरात पुरालेखागार आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याची दप्तरे आहेत. जहाजावर चढविताना कैद्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गुन्हा यांची यादी करण्याची रीत होती. म्हणजे आपल्या या माणसांबद्दल सरकारला जितके ठाऊक होते तितके आपल्याला आपल्या पणजोबांबद्दल ठाऊक नसते. या याद्यांवर गंभीर पुस्तके लिहिली ती क्लेअर अँडरसन, आनंद यांग यांच्यासारख्या परदेशी विद्यापीठांतील अभ्यासकांनी, इंग्रजीत. आमचे संशोधक सनदांची आणि वंशावळींची पाने उलटीत राहिले. वंशावळ ज्याची लिहिली जाते त्याचीच पुन्हा लिहायची, हा आमच्या स्थानिक इतिहासाचा जुना छंद आहे.

याद्या वाचल्याने काय होणार, असे विचारणारे भेटतात. त्यांनी आजचा कायदा उघडून पाहावा. गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली गेला, देशातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्याच्या मागोमाग १९५९ साली मुंबईचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. काळ्या पाण्याची शिक्षा संहितेतून १९५५ च्या दुरुस्तीने निघाली आणि तिच्या जागी ‘जन्मठेप’ हा शब्द बसला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना ‘सराईत’ समजण्याची कलमे इतकी टिकून होती की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ती घटनाबाह्य ठरवावी लागली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक चांगली गोष्ट आहे: पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, माल परत केलेला आणि गुन्हा पहिलाच, तर कैदेऐवजी समाजसेवा. भुरट्या चोराला कायद्याने प्रथमच भुरटा म्हणून ओळखले.

पण ही सवलत पहिल्या वेळेपुरती. दुसऱ्या वेळेसाठी कलम १३ आहे, आणि ते म्हणजे जुने कलम ७५ होय. काळे पाणी काढून जन्मठेप ठेवलेले, बाकी शाबूत. आता पहिली वेळ कोणाच्या नावावर आधीच लागलेली असते, हे कोणत्याही पारधी वस्तीत जाऊन विचारावे. गावात सायकल हरवली की पोलिसांची गाडी प्रथम कोठे थांबते, आणि त्या गाडीत बसविलेल्या पोराचे वय कागदावर किती लिहिले जाते.